तारमास्तरांची पोच

नाथाजी खरात सातारच्या तार ऑफिसातून निवृत्त झाले, तोवर त्यांचं नाव नाथाजी आहे हे बहुतेक लोक विसरले होते. सगळे त्यांना तारमास्तर म्हणायचे. मूळचे ते माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडच्या एका खेड्यातले. छप्पन्न साली वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा ते मॅट्रिकला होते. पुढे तार खात्यात लागले, सांगली, कऱ्हाड, सातारा अशा बदल्या झाल्या आणि शेवटी साताऱ्यातच दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. उंच, शिडशिडीत माणूस. बोलणं हळू, पण बोटं कधी स्वस्थ नसायची. बसले तिथं टेबलावर, गुडघ्यावर, छत्रीच्या मुठीवर टकटक चालू.

माझं एसटीडीचं दुकान पोवई नाक्याजवळ. लहानपणी पोलिओनं पाय गेला, म्हणून अपंगांच्या कोट्यातून बूथ मिळाला. पुढे मी कर्ज न काढता, भिशीच्या पैशातून एक कॉम्प्युटर घेतला आणि पाटीवर ‘ई-मेल’ असं लिहून घेतलं. पुण्याच्या नंबराला फोन जोडायचा, खरखर आवाज झाला की मेल उतरायला लागायचे. पत्ता माझ्या दुकानाचा एकच. आठदहा गिऱ्हाइकांची पत्रं त्याच पत्त्यावर यायची आणि ज्याची त्याला मी वाचायला द्यायची.

मास्तरांचा मुलगा राजरत्न कॉम्प्युटरमधल्या दोन हजार सालाच्या तारखांच्या घोळाची कामं करायला न्यू जर्सीला गेला. त्याला मेल पाठवायला मास्तर माझ्याकडे यायला लागले. टायपिंग त्यांचं माझ्याहून चांगलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहून पाठवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “ताई, पोचलं का?”

“पोचलं असेल, मास्तर.”

“असेल म्हणजे? पलीकडच्यानं पोच नाही दिली?”

मी सांगितलं की इथं तसं काही नसतं. पत्र गेलं की गेलं. त्यांना ते पटलं नाही. तारेच्या कामात पलीकडच्या माणसानं पोच दिल्याशिवाय तार गेली असं धरायचंच नाही, अशी त्यांची पस्तीस वर्षांची सवय. पोच न देता उठून गेलेल्या माणसाला खात्यात मेमो मिळायचा.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात राजरत्ननं वडिलांचं नाव ‘आपली मंडळी’ या गटात घातलं. सातारा-सांगलीकडची, नोकरीसाठी देशात-परदेशात पांगलेली माणसं त्यात होती. गटाचा एक पत्ता होता. त्या पत्त्यावर एकानं लिहिलं की ते सगळ्यांच्या पेटीत जाऊन पडायचं. कुणी विट्याहून कोचीनला सोनं गाळायच्या दुकानात गेलेला, कुणी मस्कतला, बरेचसे अमेरिकेत. लिहायचे मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत. गट चालवायचे सौमित्र शेंडे, मूळचे वाईचे, आता कॅलिफोर्नियात.

मास्तरांना हे फार आवडलं. ते दर दोन दिवसांनी संध्याकाळी यायचे, चष्मा पुसून खुर्चीत बसायचे आणि आलेलं प्रत्येक पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचायचे. वाचून झालं की प्रत्येकाला उत्तर. उत्तर एकच: ‘पोचलं. नाथाजी खरात, सातारा.’ कुणी मिरजेच्या दवाखान्याबद्दल विचारलं, पोचलं. कुणी वाईच्या घाटाचे फोटो कुणाकडे आहेत का विचारलं, पोचलं. आणि ते उत्तर गटाच्या पत्त्यावर जात असल्यामुळे मस्कतपासून कॅलिफोर्नियापर्यंत सगळ्यांना, खाली मूळ पत्राचं अख्खं शेपूट लावून. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हातारा माणूस, नम्रपणे पोच देतोय.

काही आठवड्यांनी शेंड्यांचं पत्र आलं. गटाकडून नाही, एकट्या मास्तरांच्या नावावर. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. गटात शंभराच्या वर माणसं आहेत, बरेच जण फोनच्या मिनिटाला पैसे मोजून पत्रं उतरवतात. तेव्हा नुसतं ‘पोचलं’, ‘छान’, ‘मलाही असंच वाटतं’ एवढंच सांगायचं असेल तर गटाला पाठवू नये. आभार किंवा अभिनंदन ज्याचं त्याला परस्पर कळवावं. प्रश्न विचारण्याआधी तो पूर्वी कुणी विचारलाय का ते जुन्या पत्रांत बघावं. दुसऱ्यानं उत्तर दिलं असेल तर तेच पुन्हा देऊ नये. खालचं शेपूट कापावं. शेवटी एक ओळ होती.

मास्तर त्या ओळीवर अडले. “ताई, हे वाचा. ‘कुणाचं... दुखवण्याचा हेतू नाही.’ हा मधला शब्द काय?”

इंग्रजी अक्षरांत तो शब्द मन वाचा, मान वाचा, नाहीतर माण वाचा, सारखाच.

“मन असणार, मास्तर.”

“मन असेल. मान असेल. माण पण असेल. माझ्या सहीखाली मी सुरुवातीला माण तालुका लिहिलं होतं एकदा.”

“अहो, माण तालुक्याला कोण कशाला दुखवेल?”

त्यांनी चष्मा काढला. “सांगलीला मी नवीन लागलो तेव्हा ऑफिसात माठावर पेला होता. हेडक्लार्क म्हणाला, पेला कुणी घ्यायचा नाही, नियम आहे. मी घरून तांब्या आणायला लागलो. महिन्यानं बघतो तर बाकी सगळे पेला घेतायत. नियम मला एकट्यालाच होता.” मग स्वतःच म्हणाले, “हे तसं नसेलही. पैशाचं बरोबर आहे त्यांचं. पण मग गटावर सगळ्यांना का नाही सांगितलं? मला एकट्याला का?”

मी म्हटलं, चारचौघांत बोलू नये म्हणून एकट्याला लिहिलं असेल. ते म्हणाले, असेल. टकटक चालूच होती.

दोन दिवसांनी त्यांनी उत्तर टाकलं. नियम पहिला मान्य, दुसरा मान्य, चौथा समजला नाही, खुलासा व्हावा, असं मुद्देसूद. आणि ते गेलं गटाच्या पत्त्यावर, खाली शेंड्यांचं अख्खं पत्र लावून. मस्कतपासून सगळ्यांनी वाचलं की सातारच्या खरातांना काय समज दिली गेलीय. शेंड्यांचं लगेच छोटं उत्तर आलं: ‘हे मला एकट्याला पाठवायचं होतं.’

“बघा,” मास्तर हताश होऊन म्हणाले. “सगळ्यांना का सांगितलं नाही म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, तर ते पण चुकलं.”

मग त्यांनी नियम पाळायला घेतले, आणि खात्यातल्या माणसासारखे घेतले. काही लिहायचं मनात आलं की आधी जुनी पत्रं उघडायची. सगळी. आणि जुन्या पत्रांत ते कुणीतरी म्हणून ठेवलेलं असायचंच. मूळच्या सांगलीच्या, आता राजरत्नच्याच गावाजवळ राहणाऱ्या मयूरीनं भडंग चिवट होतो, काय करू, असं विचारलं. बाळाबाईंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, भडंग उत्तम यायचा. मास्तरांनी घरी जाऊन विचारून आणलं, टाईप केलं, मग जुनी पत्रं पाहिली. चुरमुरे आधी उन्हात घालावेत असं कोचीनवाल्यानं आधीच लिहिलं होतं. मास्तरांनी सगळं पुसून टाकलं.

त्या दिवशी बाळाबाईही बरोबर आल्या होत्या. ठेंगण्या, ठसठशीत बाई. बाकावर बसून त्या हे बघत होत्या.

“आवं, पुसलं कशापायी?”

“दुसऱ्यानं सांगितलंय.”

“सांगू द्या की. मी लसूण कवा घालायचा त्ये सांगितलंय. त्येनं सांगितलंय का लसणाचं?”

“लसणाचं नाही.”

“मग?”

निम्मं सांगितलेलं आणि निम्मं न सांगितलेलं असेल तर काय करायचं, हे शेंड्यांच्या पत्रात नव्हतं.

बाळाबाई माझ्याकडे वळल्या. “ताई, कुणाच्या घरी माणूस गेलं तर आमी समद्या बाया जातो. समद्या एकच म्हनतो, लय वाईट झालं बघा. धाव्या बाईनं काय दारातनं माघारी फिरायचं व्हय, पयल्या बाईनं म्हनलंय म्हनून?”

मी म्हटलं ते वेगळं, हे वेगळं. वेगळं कसं, ते मला तरी कुठं माहीत होतं? मास्तर म्हणाले, लग्नाच्या तारांचं पण तसंच होतं. शुभेच्छांची वाक्यं खात्यानंच ठरवून दिलेली, प्रत्येकाला एक आकडा. लोक येऊन आकडा सांगायचे. एकेका लग्नात एकाच वाक्याच्या ढीगभर तारा जायच्या आणि मांडवात त्या सगळ्या एकामागून एक वाचून दाखवायचे. कुणी म्हणायचं नाही की हे झालंय, पुढची घ्या.

तेव्हापासून मास्तरांनी लिहिणं बंद केलं. येऊन नुसतं वाचायचे.

पावसाळ्यात राजरत्नच्या बायकोला, दीपमालाला, दिवस पुरे व्हायच्या आत मुलगी झाली. पोरगी फार लहान होती, तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. राजरत्ननं फोन करून घरी सांगितलं. घरी म्हणजे माझ्या दुकानात, कारण मास्तरांकडे फोन नव्हता. माझ्या दोन लाइनींपैकी मीटरची लाइन कायम गिऱ्हाइकांच्या हातात, म्हणून कॉम्प्युटरला जोडायच्या लाइनीचा नंबर त्याला दिलेला. त्याच रात्री त्यानं गटावरही चार ओळी टाकल्या. मुलगी झाली, अशक्त आहे, डॉक्टर प्रयत्न करतायत.

मास्तर दुसऱ्या दिवशी आले. गटावर बातमी होती, उत्तर एकही नव्हतं. तिसऱ्या दिवशी आले. कुणी जुन्या एसटीच्या वेळापत्रकाबद्दल लिहिलं होतं. नातीबद्दल अक्षर नाही. ते पुन्हा पुन्हा वर-खाली करून बघत होते. मग त्यांनी जुनी पत्रं उघडली, आता सवयच लागली होती. त्यात गटातल्या कुणाला तरी मुलगा झाल्याची बातमी होती, मास्तर गटात यायच्या आधीची, आणि तिच्याखाली अभिनंदनांची रांग. पंधरावीस तरी असतील.

“हे काय, ताई? तेव्हा सगळ्यांनी लिहिलं.”

“तेव्हा तो नियम नसेल, मास्तर.”

“का नियम मलाच आहे?” ते जरा मोठ्यानं बोलले. मग माझ्याकडे बघून ओशाळले. “तसं नसेल. तसं नसेल हो. पण मला कळत नाही. पोरगी जगतीय का मरतीय, आणि शंभर माणसात एकाला पण... बातमी पोचलीच नसेल कदाचित.”

हे मनात आल्यावर त्यांना धीर आला. न पोचलेली बातमी, ही त्यांच्या ओळखीची अडचण होती. त्यांनी गटाला लिहिलं: ‘माझ्या नातीच्या जन्माची बातमी मंडळींना पोचली किंवा कसे? कृपया पोच द्यावी. नाथाजी खरात.’ मी म्हटलं, “मास्तर, थोडं थांबा.” पण त्यांनी बटण दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघंही आले. राजरत्न डॉक्टरांशी बोलून फोन करणार होता. मी म्हटलं, तोवर पटकन मेल उतरवून घेते. लाइन जोडली. मेल यायला लागले. ‘पोचली’. कोचीनहून. ‘पोचली, काळजी नसावी’. मस्कतहून. ‘पोचली’, ‘पोचली’, ‘आम्हालाही पोचली’. प्रत्येकाखाली मास्तरांचं पत्र, काहींच्या खाली त्याआधीच्या पोचांची सगळी माळ. मास्तर उभे राहून नावं वाचत होते. चेहरा उजळला होता. “बघा गं, तासगावचा हा पण आहे. हा विट्याचा. पोचली म्हणतायत सगळे.”

बाळाबाईंनी पदरानं डोळे पुसले. “पोचली न्हवं? मग झालं.”

पण मेल संपेनात. माळ लांबत चालली तसं एकेक पत्र जड व्हायला लागलं. मग कुणीतरी खुळखुळ्याचं रंगीत चित्र जोडून पाठवलं होतं, ते उतरताना पडद्यावरची पुढं सरकणारी पट्टी जागच्या जागी थांबली. मेलसाठी आलेली दोन गिऱ्हाइकं वाट बघून निघून गेली. बाळाबाईंनी विचारलं, “राजूचा फोन कवा यायचा?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. “अहो, लाइन तर हीच आहे! हे चालू असेपर्यंत फोन येणारच नाही.”

“तोडा मग,” मास्तर म्हणाले. आणि लगेच, “थांबा, त्यात राजूचंच पत्र असलं तर? दवाखान्याचं?”

झालं. तोडावी तर पत्र अर्धवट राहणार, न तोडावी तर फोन लागणार नाही. शंभर पोचांच्या खाली कुठंतरी राजरत्नचं पत्र असेल की नसेल, कुणाला ठाऊक. मास्तर एकदा पट्टीकडे बघत, एकदा फोनकडे. बोटांची टकटक थांबली होती. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. बाळाबाई उठून माझ्या टेबलाशी आल्या. “ताई, त्ये यंत्र काय म्हनतंय त्ये राहू द्या. माज्या पोराचा आवाज ऐकू द्या.”

मी लाइन तोडली. रिसीव्हर जागेवर ठेवून हात काढतेय तोवर घंटी वाजली, आणि मास्तरांनी तो उचलून ‘हॅलो’ म्हटलं.

“बाबा, किती वेळ फोन लावतोय! सारखा एंगेज. मला वाटलं तुमचंच काही झालं.” मी फोनचा स्पीकर चालू केला होता, म्हणून सगळ्यांना ऐकू येत होतं. “पेटीतून बाहेर काढली तिला. आज आईचं दूध प्याली. डॉक्टर म्हणतात आता भीती नाही.”

मास्तर रिसीव्हर धरून उभे होते. “बाबा, ऐकू येतंय का? बाबा?” पोच देणारा माणूस त्या दिवशी पोच देऊ शकला नाही. शेवटी बाळाबाई ओरडल्या, “येतंय रं, येतंय! रडत्यात त्ये!”

मग बोलणं झालं. मास्तरांनी गटाचं काढलं. कुणी काही लिहिलं नाही, म्हणून मी विचारलं, तर हे असं झालं. तिकडून राजरत्न हसला. “बाबा, लिहिलं नाही कसं? मला परस्पर लिहिलं सगळ्यांनी. पेटी भरलीय माझी. ती मयूरी तर पहिल्या दिवसापासून दवाखान्यात डबा आणतेय. दीपमालाला एकटं वाटू नये म्हणून रोज बसून जाते. शेंडेसाहेबांनी फोन केला होता दोनदा.”

“मला कसं कळणार ते?” मास्तर म्हणाले.

“तेही खरंच,” राजरत्न म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उरलेली पत्रं उतरवली. त्यात एक पोच शेंड्यांचीही होती, आणि ती गटाच्या पत्त्यावर! मास्तरांनी ती मला दाखवली. “यांनीच नियम केला, यांनीच मोडला. आता मी काय समजायचं?” लाज वाटत होती त्यांना, आनंदही होता, आणि दोन्हींचा ताळमेळ लागत नव्हता. त्यांनी शेंड्यांना पत्र लिहिलं. या वेळी गटाचा पत्ता नाही ना, हे मला तीनदा बघायला लावलं. आपल्यामुळे सगळ्यांना त्रास झाला, फोनही अडला, क्षमा असावी. आणि खाली सरळ विचारलं: पूर्वीचं समजेचं पत्र मला एकट्यालाच होतं का?

शेंड्यांचं उत्तर मोठं होतं. नाही, तेच पत्र आणखी दोघांना पाठवलं होतं, शब्दही न बदलता. अभिनंदन परस्पर करा म्हणालो, पण बातमी ज्याच्या घरची त्याच्या आईवडिलांना ते दिसणार कसं, हे मला सुचलंच नाही. तुम्ही पोच मागितलीत तेव्हा मलाही राहवलं नाही.

“दोघं कोण ते लिहिलं नाही,” मास्तर म्हणाले.

“नावं कशी लिहितील, मास्तर?”

“हो. नावं लिहिणं बरं नाही.” त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. त्यांचा विश्वास बसला की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. कधी वाटायचं बसला. कधी ते मध्येच विचारायचे, “ताई, एक कोचीनवाला असेल नाही? तो पण फार लिहायचा.”

पुढं शेंड्यांनी आणि मास्तरांनी मिळून एक पद्धत काढली. गटावर कुणाकडची सुखदुःखाची बातमी आली की बाकीच्यांनी त्या घरी परस्पर लिहायचं, आणि गटावर सगळ्यांच्या वतीनं एकानंच लिहायचं की बातमी पोचली, मंडळी तुमच्याबरोबर आहेत. ते एक पत्र लिहायचं काम मास्तरांकडे आलं. फारसं नसायचंच. पण जेव्हा असायचं तेव्हा ते तासभर बसून दोन ओळी लिहायचे, नाव-गाव नीट तपासून. तासगावच्या एका माणसाचे वडील वारले तेव्हा मास्तरांना ‘लय वाईट झालं’ असं लिहावं की ‘अतीव दुःख झालं’, हे ठरेना. घरी जाऊन बाळाबाईंना विचारून आले. लय वाईट झालं, असंच गेलं. एका चुकार माणसानं त्याखाली ‘मलाही’ लिहिलं, आणि मास्तर दिवसभर बेचैन होते की त्याला समज द्यावी की नाही.

“शेंड्यांना विचारा,” मी म्हटलं.

“परस्पर?”

“परस्पर.”

“आणि त्या माणसाला खरंच वाईट वाटलं असलं तर?”

जानेवारीत, दोन हजार सालाचं काम आटोपल्यावर, राजरत्न सुट्टी घेऊन आला. दीपमाला पोरीला कडेवर घेऊन दुकानात मला भेटवायला आली. पोर आता चांगली गुबगुबीत झाली होती. मास्तरांनी तिला घ्यायला हात पुढे केले, मग मागे घेतले, मग छत्री कुठं ठेवावी ते कळेना म्हणून ती माझ्या हातात दिली. पोर हातात येताच तिनं त्यांच्या चष्म्याला हात घातला. “आवं, मान धरा तिची, मान,” बाळाबाई मागून म्हणाल्या, आणि मास्तर तिची मान तळहातावर तोलून, श्वास रोखून, पोवई नाक्याच्या गर्दीकडे तोंड करून दारात उभे राहिले.